तट्टाजवळ उगीच उभे राहण्याचे शास्त्र

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने तट्टांविषयी लिहायला घ्यावे याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. विषय ऐकताच आमच्या एका सहकाऱ्यांनी "म्हणजे अश्वशक्ती का?" असे विचारून हशा मिळवलाच. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, एवढे सांगून तो विषय मी येथेच संपवतो. मला लिहायचे आहे ते अगदीच बिनशक्तीच्या कामाविषयी. थंडीच्या दिवसांत, स्वारी नाही, ओझे नाही, जायचे कुठे नाही, अशा वेळी तट्टाजवळ नुसते उभे राहायचे, हे ते काम.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वाद घालायचा आहे त्यांची सोय होईल. असे रोज थोडा वेळ उभे राहणे ही मी निरीक्षणाची एक पक्की पद्धत मानतो. त्यातून माणसाची आणि जनावराची जी जवळीक होते, तिला पुष्कळ शिक्षक 'भावनेचा भाग' म्हणून बाजूला सारतात आणि मुलांना पुढच्या धड्याकडे नेतात. मला ते पटत नाही. ती जवळीक नसेल तर काही मोजमापे घेताच येत नाहीत. आणि ती घेतली गेली नाहीत तर भर हिवाळ्यात, सर्वांच्या डोळ्यांदेखत, जनावर खंगून जाऊ शकते.

हे वाक्य तुम्हाला भडक वाटले असेल. म्हणून आपण प्रथम स्कॉटलंडच्या उत्तरेला जाऊ.

शेटलंड हा बेटांचा समूह सुमारे ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे. लहानमोठी मिळून शंभरावर बेटे. वस्ती त्यांतल्या थोड्याच बेटांवर. झाडे फार कमी आणि वारा मात्र उदंड. बेटांवर कोठेही उभे राहा, समुद्र पाच किलोमीटरांच्या आतच असतो. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास तेथे सूर्य सहा तासही वर नसतो; त्याच दिवशी आपल्या पुण्याला सुमारे अकरा तासांचा दिवस असतो. या बेटांवरचे तट्टू जगभर ठाऊक आहे. पूर्ण वाढलेल्या शेटलंड तट्टाची उंची खांद्यापाशी १०७ सेंटिमीटरांपेक्षा जास्त नसते. म्हणजे नववीतल्या मुलाच्या छातीला लागेल एवढे ते जनावर. परंतु अंगाने गोलमटोल, पाय आखूड, कान लहान, आयाळ आणि शेपूट मात्र भरघोस.

या तट्टाचा इतिहासही तुम्हाला ठाऊक असावा. १८४२ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि स्त्रियांना व दहा वर्षांखालील मुलांना कोळशाच्या खाणीत जमिनीखाली कामाला लावण्यास बंदी झाली. मग बुटक्या बोगद्यांतून कोळशाच्या गाड्या ओढायला बुटकी जनावरे हवी झाली आणि शेटलंड तट्टांना मागणी आली. १९१३ च्या सुमारास ब्रिटनच्या खाणींत सुमारे ७० हजार घोडे आणि तट्टे राबत होती. लहान मुलांच्या जागी तट्टे आली, याला सुधारणा म्हणावे की नाही हे तुम्हीच ठरवा. पुढे छत कोसळणार हे ओळखून तट्टू जागीच अडून बसले आणि हाकणारा पोरगा वाचला, अशा कथा खाणकामगारांत सांगितल्या जात. मी त्या खऱ्याही म्हणत नाही आणि खोट्याही. मोजमाप हाती येईपर्यंत त्या फळीवर ठेवून देतो.

आता खाणी नाहीत. शेटलंडची पुष्कळशी तट्टे हिवाळाभर उघड्या माळावरच असतात. ओहोटी लागली की किनाऱ्यावर उतरून समुद्रशेवाळही खातात. प्रदर्शने उन्हाळ्यात होऊन गेलेली असतात, शिंगरे वसंतात व्हायची असतात. मालकाला काम उरते ते एवढेच: गवत टाकायचे, पाणी आहे ना ते पाहायचे आणि तट्टाकडे पाहायचे. या तिसऱ्या कामात सगळी मेख आहे.

तट्टाचा हिवाळी कोट ही एक अजब वस्तू आहे. थंडी पडली म्हणून तो उगवत नाही. दिवस लहान होऊ लागतात, डोळ्यांवाटे ही बातमी मेंदूपर्यंत जाते, तेथील एका लहानशा ग्रंथीतून पाझरणाऱ्या मेलॅटोनिन या द्रव्याचे प्रमाण बदलते आणि थंडीच्या कितीतरी आधी नवे केस येऊ लागतात. म्हणजे तट्टू तापमापक न पाहता पंचांग पाहते! आतला थर मऊ आणि दाट, बाहेरचे केस लांब व राठ. पाऊस पडला की हे बाहेरचे केस गवताच्या छपरासारखे काम करतात. पाणी केसांच्या टोकांवरून ओघळते आणि आतला थर कोरडा राहतो.

आणि आत असते काय? हवा. ऊब देते ती लोकर, असे आपण म्हणतो. पण मुख्य काम लोकरीत अडकलेल्या स्थिर हवेचे असते. स्थिर हवेची उष्णतावाहकता दर मीटर दर अंशाला सुमारे ०.०२५ वॉट. पाण्याची सुमारे ०.६, म्हणजे जवळजवळ चोवीस पट. केसांतली हवा जाऊन तेथे पाणी आले की पांघरूण गेलेच म्हणून समजा. म्हणून कोरड्या, गोठणाऱ्या थंडीपेक्षा शेटलंडचा पाच अंशांवरचा वारा आणि पाऊस तट्टाला अधिक जड जातो. थंडी वाढली की केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू केस उभे करतात, हवेचा थर जाड होतो. बर्फ पडल्यावर तट्टाच्या पाठीवर तो न वितळता तसाच राहिलेला दिसतो. अनोळखी माणसाला त्याची कणव येते. तुम्ही मात्र ओळखा, की अंगातली उष्णता बाहेर येत नाही म्हणूनच बर्फ वितळत नाही.

येथे एक कोडे आहे ते सांगून पुढे जातो. एक सेंटिमीटरच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर आणि घनफळ एक; दोन सेंटिमीटरच्या घनाचा पृष्ठभाग चोवीस आणि घनफळ आठ. म्हणजे वस्तू लहान तर तिच्या वजनाच्या मानाने उष्णता गमावणारा पृष्ठभाग मोठा. मग थंड प्रदेशातले तट्टू लहान कसे? सामान्यतः उत्तर दिले जाते ते असे, की बेटावर चारा तुटपुंजा. मोठ्या देहाला तो पुरत नाही. तेव्हा देह लहान राहिला आणि तोटा भरून काढायला गोल पोट, आखूड पाय नि दाट केस आले. निसर्गात एकच नियम एकटा कधी काम करत नाही. परीक्षेत करतो, ही गोष्ट वेगळी.

आता मूळ मुद्दा. हा जो सुंदर कोट आहे, तोच मालकाला फसवतो. जानेवारीत तट्टू लांबून पाहाल तर गुबगुबीत दिसते. केसांखाली फासळ्या वर आल्या असतील, तरी डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही. उलट काही तट्टांवर प्रमाणाबाहेर चरबी चढलेली असते. तीही दिसत नाही आणि पुढे वसंतातल्या गोड गवतावर त्यांना टापांच्या आत सूज आणणारा अत्यंत वेदनादायक रोग होऊ शकतो. १९८३ साली अमेरिकेत हेनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्याची अंगस्थिती ठरवण्यासाठी एक ते नऊ गुणांची पद्धत प्रसिद्ध केली. त्यात मान, खांद्यांमधला उंचवटा, खांद्याची मागची बाजू, फासळ्या, पाठ आणि शेपटीचे बूड या जागा तपासतात. केस वाढलेले असतील तेव्हा नुसते पाहून गुण देता येत नाहीत, बोटे केसांत घालून चाचपावे लागते.

म्हणजे हिवाळ्यात उपकरण कोणते? बोटे. आता असे पाहा: दोनशे किलोचे जनावर, उघड्या माळावर, तुमच्यापेक्षा कितीतरी चपळ. त्याने तुम्हाला जवळ येऊ दिले नाही तर तुमचे उपकरण वापरायचे कसे? दोरी टाकून, चौघांनी धरून एकदा चाचपता येईल. पण दुसऱ्या खेपेस तुम्हाला पाहताच ते शंभर मीटर दूर जाईल. आणि हे रीडिंग तर आठवड्या-पंधरवड्याने पुन्हा पुन्हा घ्यायचे आहे. प्रयोगशाळेत आपण तराजू वापरण्यापूर्वी तो समतल करून घेतो. माळावर तेच काम तट्टाच्या विश्वासाने होते, आणि ते घाईने होत नाही.

'विश्वास' या शब्दावर विज्ञानाचे शिक्षक भुवया उंचावतील. पण त्याची मापे घेतली गेली आहेत. दक्षिण फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर क्लोदिया फे आणि जान द माझिएर यांनी केलेले काम १९९३ साली प्रसिद्ध झाले. दोन घोडे एकमेकांचे अंग दातांनी खाजवतात तेव्हा ते बहुधा मानेच्या बुडाशी, दोन्ही खांद्यांच्या मधल्या उंचवट्यापाशी खाजवतात. या संशोधकांनी त्याच जागी हाताने खाजवले तेव्हा घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावले. दुसऱ्या एका जागी तसेच खाजवले. ठोके मंदावले नाहीत. ही दुसरी जागा फार महत्त्वाची. ती नसती तर 'माणूस जवळ आला म्हणून बरे वाटले' असेही म्हणता आले असते. तुलनेसाठी दुसरी बाजू ठेवणे यालाच प्रयोग म्हणतात. जाता जाता सांगतो, तट्टाचे डोके थोपटण्याची आपल्याला जी हौस असते तिचे त्याला काही कौतुक नसते. कपाळासमोरचा भाग त्याला नीट दिसतही नाही. आणि हिवाळ्यात दाबून खरारा केला तर केसांतला तेलकटपणा जातो, हवेचा थर मोडतो. खांद्यांच्या मधोमध बोटांनी खाजवावे, झाले.

घाईचेही माप घेतलेले आहे. स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी माणसांना घोडा धरून किंवा घोड्यावर बसून एका ठरावीक वाटेने अनेकदा ने-आण करायला सांगितले. चौथ्या खेपेच्या आधी बजावले, की आता घोडा जवळून जाताच छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्याला छत्रीची काही कल्पना नव्हती त्या घोड्याचेही वाढले! हे काम २००९ साली प्रसिद्ध झाले. तुम्ही मनात 'पाच वाजता शिकवणी आहे' घेऊन तट्टाजवळ गेलात, तर काही ना काही त्याच्यापर्यंत पोचते. दोरीच्या ताणातून, पावलांतून की श्वासातून, ते शोधण्याजोगे आहे.

आणि तट्टू स्वतः हिवाळ्यात कसे असते? जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी शेटलंड तट्टांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. हिवाळ्यात त्यांची विश्रांतीतली नाडी मंदावते, हालचाल कमी होते. तट्टू आपला जठराग्नी जणू बारीक करून ठेवते. वाऱ्याकडे पाठ, मान खाली, एक मागचा पाय दुमडलेला, असे ते तासन्‌तास उभे राहते. घोड्याच्या पायांत सांधे अडकवून ठेवण्याची अशी योजना आहे, की स्नायूंना फारसे श्रम न देता तो उभ्याने डुलकी घेतो. पण गाढ, स्वप्नांच्या झोपेसाठी त्याला आडवेच व्हावे लागते, आणि आजूबाजूला धोका नाही असे वाटल्यावाचून तो आडवा होत नाही. तुम्ही दहा पावलांवर असताना तट्टू आडवे झाले, तर तुमच्याविषयी त्याचे मत काय आहे ते तुम्हाला लेखी मिळाले असे समजा. हे पाहायचे तर आपणही तितकेच संथ व्हायला हवे. उन्हाळ्यात, सगळे धावत असताना, ही संधी मिळत नाही.

याचा अर्थ तट्टू आपले सगळे बोलणे समजते, असा मात्र काढू नका. भावुक मंडळींचेही येथे बिनसते. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या हान्स या घोड्याला बेरीज-वजाबाकी येते, अशी ख्याती होती. तो टाप आपटून उत्तर देई. १९०४ साली चौकशी समिती बसली. तिला लबाडी सापडली नाही. पुढे ओस्कार फुंग्स्ट यांनी चिकाटीने प्रयोग केले. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा घोड्याला विचारणारा दिसत नसेल, तर हान्सचे गणित कोलमडे. टापांची संख्या बरोबर झाली की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई, आणि हान्स थांबे. १९०७ साली फुंग्स्टनी हे पुस्तकरूपाने मांडले. बहुतेक पुस्तके ही गोष्ट 'फजिती' म्हणून सांगतात. मला तिच्यात उलटेच दिसते. गणित घोड्याला येत नव्हते हे खरे. पण केसाएवढी हालचाल तो इतक्या माणसांच्या चेहऱ्यामानेवर वाचत होता, आणि ती हालचाल समितीतल्या विद्वानांना दिसली नव्हती! त्या प्रकरणात सर्वांत चांगला निरीक्षक कोण होता, विचार करा.

आपण वाचायला शिकायचे ते कानांपासून. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेनिफर वाथन आणि कॅरन मॅकोम यांनी घोड्यांना दुसऱ्या घोड्याचे पूर्णाकृती छायाचित्र दाखवले आणि दोन बाजूंना खाद्याच्या बादल्या ठेवल्या. चित्रातला घोडा जिकडे पाहतो तिकडची बादली खरे घोडे अधिक वेळा निवडत. चित्रातले कान झाकले, किंवा डोळे झाकले, की हा कल नाहीसा होई. हे २०१४ सालचे काम. माणसाचे कान हलत नाहीत, म्हणून कानांवर असलेले अर्धे वाक्य आपण वाचतच नाही.

आणि नॉर्वेतला तो प्रयोग तर प्रत्येक शाळेत सांगावा असा आहे. हिवाळ्यात घोड्यावर झूल घालावी की नाही, यावर मालकांचे अखंड वाद चालतात. बहुधा मालकाला थंडी वाजली की तो घोड्याला झूल घालतो. सेसिली मेडेल आणि सहकाऱ्यांनी घोड्यांनाच विचारायचे ठरवले. तीन पाट्या: आडवी पट्टी म्हणजे झूल घाला, उभी पट्टी म्हणजे काढा, कोरी पाटी म्हणजे आहे तसेच राहू द्या. रोज दहा-पंधरा मिनिटे शिकवून चौदा दिवसांच्या आत सगळे, म्हणजे २३ घोडे, पाटीला नाक लावून उत्तर द्यायला शिकले. मग वेगवेगळ्या हवामानात विचारले. ओल्या, वाऱ्याच्या, थंड दिवशी त्यांनी झूल मागितली. हवा चांगली असताना काढायला सांगितली. २०१६ साली हे प्रसिद्ध झाले. वर सांगितलेला हवा आणि पाण्याचा चोवीस पटींचा हिशेब आठवतो ना? घोड्यांनी आकडेमोड न करता तेच उत्तर दिले. इतकी वर्षे कुणी सवडीने विचारले नव्हते, एवढेच.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे घोडा हिवाळ्यातच घाईत असतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे काही गिऱ्हाइके अजून घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहून सौदा करतात. अमुक भोवरा शुभ, तमुक भोवरा मालकाला बुडवणारा. दात पाहून वय ठरवणे ही परीक्षा झाली, कारण दातांची झीज वयाबरोबर होते. केसांच्या भोवऱ्यावरून मालकाचे नशीब ठरवणे ही परीक्षा नव्हे. अशा भोवऱ्यापायी चांगल्या स्वभावाचे जनावर कवडीमोलाने जात असेल, तर त्यात नुकसान दोघांचेही आहे. माथेरानला हिवाळा हा गिऱ्हाइकांचा हंगाम. तेथल्या घोड्याला सवड मिळते ती पावसाळ्यात, गर्दी ओसरल्यावर. तेव्हा सहलीला गेलात तर रपेट संपल्यावर घोडेवाल्या मामांना विचारून दहा मिनिटे त्याच्या शेजारी उभे राहा. ते हसतील, पण नाही म्हणणार नाहीत. त्याच्याविषयी चार गोष्टी त्या मामांइतक्या कुणालाच ठाऊक नसतात, आणि त्या त्यांना कुणी विचारत नाही.

"पण सर, अभ्यासक्रमात हे कोठे बसते?" शिक्षकांचा हा प्रश्न मला आधीच ऐकू येतो आहे. त्यांना मी महाविद्यालयातला अनुभव सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या प्रयोगवह्यांत लंबकाची रीडिंगे इतकी नीटनेटकी असतात, की आलेखावर एक बिंदू रेषेबाहेर पडत नाही. लंबक असे वागत नाही. शाळेत पस्तीस मिनिटांच्या तासात प्रयोग 'उरकण्याची' सवय लागलेली असते. उत्तर आधी ठाऊक असते आणि रीडिंग मागाहून बनवले जाते. मुलांना मी फार दोष देत नाही. ज्याचे उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेले नाही अशी एकही गोष्ट त्यांनी सावकाश पाहिलेली नसते. तट्टाचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शकात नाही. म्हणून मला वाटते, आठवीच्या आणि नववीच्या मुलांना हिवाळ्यातले तीन आठवडे एका जनावराकडे पाहायला द्यावेत, आणि त्याचे गुणही द्यावेत.

तट्टू नसेल तर बैल चालेल, शेळी चालेल, गाढव चालेल. गाढवाचे तर मी आवर्जून सुचवीन. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की घोड्यांचे व तट्टांचे केस हिवाळ्यात चांगलेच वाढतात, गाढवाचे मात्र फारसे वाढत नाहीत. मूळ कोरड्या, उष्ण प्रदेशातला प्राणी तो. पहाटेच्या दवात वीटभट्टीपाशी उघड्यावर उभे असलेले गाढव 'त्याला काय होते' म्हणून सोडून देण्याजोगे नसते.

करायचे ते असे. मालकाची परवानगी घ्या. रोज एकाच वेळी जा, शक्यतो सकाळी. निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत पारा इतका उतरतो, की जनावराच्या नाकपुडीतून निघालेली ऊबदार, दमट हवा बाहेर पडताच तिचे धुके होते. तेव्हा हात न लावता, लांबूनच, मिनिटाला श्वास किती ते मोजता येते. हिवाळ्याची ही खास देणगी आहे, उन्हाळ्यात हे दिसत नाही. घोड्याचे विश्रांतीतले श्वास मिनिटाला साधारण आठ ते सोळा असतात. तुम्ही पोचताच मोजा आणि वीस मिनिटांनी पुन्हा मोजा.

दुसरे माप अंतराचे. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी असे दाखवून दिले, की प्रत्येक प्राणी माणसाला एका ठरावीक अंतरापर्यंतच येऊ देतो; त्याच्या आत पाऊल पडले की तो दूर होतो. तुमच्या जनावराने मान वर करून तुमच्याकडे कान वळवले, ते किती पावलांवर? ते दूर सरकले, ते किती पावलांवर? सरकू लागले की लगेच थांबा, एक पाऊल मागे या आणि उभे राहा. पाठलाग केलात तर प्रयोग मोडला. क्ष-अक्षावर दिवस आणि य-अक्षावर पावले असा आलेख काढा. मला खात्री आहे, की तो सरळ रेषेत येणार नाही. चार दिवस अंतर घटेल आणि पाचव्या दिवशी गावात लग्नाचे फटाके वाजले की एकदम वाढेल. तो पाचवा बिंदू खोडू नका. त्याच्या शेजारी 'फटाके' असे लिहा.

दोनतीन सावधगिरीच्या गोष्टी. जनावराच्या थेट मागे कधीही उभे राहू नका. घोड्याचे डोळे बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते, पण शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीला तो आधी लाथ मारतो. खांद्याच्या बाजूने, तिरके, सावकाश जा. कान मागे चपटे झाले तर तेथूनच परत फिरा. खाऊ हातात नेऊ नका. नाहीतर तुम्ही त्याची ओळख मोजता आहात की गुळाची, हे कळणार नाही. मालकाला मदत म्हणून गवत टाकायचे असेल तर निरीक्षण संपल्यावर टाका. मोबाइलने चित्रे घ्यायला हरकत नाही, पण पहिला आठवडा तो खिशातच असू द्या.

आलेख पूर्ण झाले की संपादकांच्या पत्त्यावर जरूर पाठवा. तट्टाचा, बैलाचा, शेळीचा, गाढवाचा, कोणाचाही चालेल. प्रत्येक दिवसाचे हवेचे तापमान आणि वारा होता की नव्हता, ते लिहायला विसरू नका.